गाणे कोणाचे, गौरव कोणाचा?

कॅनडात स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस कळविले आहे की, तो ज्या गायकवृंदात गातो तो वृंद दर नाताळात 'ह्यूरन कॅरल' नावाचे गीत गातो. त्यायोगे त्या देशाच्या मूलनिवासी लोकांचा गौरव होतो, आणि आपण त्यांचे पाठीराखे आहोत हेही सिद्ध होते. अनेक कंठ एका सुरात मिळाले की माणसामाणसांतील भिंती आपोआप गळून पडतात, असा त्याचा सिद्धांत असून आम्ही या पानांतून त्याचा पुरस्कार करावा, अशी त्याची इच्छा आहे. विद्यार्थी गुणी आहे, गळाही गोड आहे. परंतु असा पुरस्कार करणे आम्हांस शक्य नाही. आणि त्याच्यासारखे सद्भावनेने भारावलेले लोक पुष्कळ असल्यामुळे त्याचे कारण जरा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

प्रथम त्या गीताचेच पाहू. त्याचे मूळ शब्द वेंडाट भाषेतले असून ते झाँ द ब्रेबफ या फ्रेंच जेसुइट पाद्र्याने १६४२ च्या सुमारास रचले असे मानतात. चाल एका जुन्या फ्रेंच गीताची. ('ह्यूरन' हे नावसुद्धा फ्रेंचांनी ठेवलेले, ते लोक स्वतःस वेंडाट म्हणवितात.) मूळ शब्दांचा आशय असा की, ज्या भुताने तुम्हांस आजवर बंदिवान करून ठेविले होते ते आता पळाले, यापुढे त्याचे ऐकू नका. म्हणजे ज्यांच्या गौरवार्थ हे गावयाचे, त्यांच्या वाडवडिलांच्या श्रद्धेस त्यात भूतबाधा ठरविले आहे! आणि हा उपदेश ज्यांना केला त्यांच्यापैकी सुमारे निम्मे लोक युरोपीयांबरोबर आलेल्या देवी आदी साथींत १६३४ ते १६४० या काळात आधीच मरून गेले होते.

पण बहुतेक वृंद जे इंग्रजी शब्द गातात ते याहून निराळे आहेत. ते १९२६ साली जेसी एडगर मिडलटन याने लिहिले, आणि ते भाषांतर नव्हेच. त्यात भूत गेले आणि त्याच्या जागी झाडाच्या सालीची झोपडी, सशाच्या कातड्यात गुंडाळलेला बालयेशू, आणि कोल्ह्याची व बीव्हरची कातडी नजराणा म्हणून आणणारे सरदार आले. ईश्वरास त्यात 'गिची मॅनिटू' म्हटले आहे. मौज अशी की हा शब्द वेंडाट भाषेतला नाही. तो अगदी वेगळ्या, अल्गाँक्वियन भाषाकुळातला आहे. उद्या कोणी आमच्या गौरवार्थ तमिळ शब्द मराठी म्हणून गाऊ लागला, तर आम्ही त्यापुढे माना डोलवाव्या काय?

दुसरे उदाहरण ऑपेराचे आहे, वृंदगानाचे नव्हे. परंतु रोग तोच. १९२७ साली मारियस बार्बो आणि अर्नेस्ट मॅकमिलन हे दोघे ब्रिटिश कोलंबियातील नास नदीच्या खोऱ्यात निस्गा लोकांची गाणी टिपावयास गेले. त्यांतील एक शोकगीत पुढे हॅरी सोमर्स याने आपल्या 'लुई रिएल' या १९६७ च्या ऑपेरात घेतले. निस्गा शब्द काढून क्री शब्द बसविले, आणि मृतासाठी गावयाच्या सुरांची अंगाईगीत म्हणून योजना केली. निस्गांच्या कायद्याप्रमाणे असले गीत ज्यांच्या घराण्याकडे त्याचा हक्क आहे त्यांनीच, आणि योग्य प्रसंगीच गावयाचे असते. त्यांना विचारले कोणी? आता १९२७ हे साल पुन्हा पाहा. जेथे नावे, हक्क व गाणी सर्वांसमक्ष जाहीर व्हावयाची, तो 'पॉटलॅच' समारंभ कॅनडाच्या कायद्याने १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा होता. ज्या निस्गांनी १९१३ मध्ये आपल्या जमिनीसाठी प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज धाडला होता, त्यांच्यासारख्यांना अशा दाव्यांकरिता सरकारी परवानगीवाचून पैसा जमविण्याचीही बंदी झाली, तीही याच १९२७ साली. गाणाऱ्याचे तोंड बंद करावयाचे आणि त्याचे गाणे वहीत उतरून न्यावयाचे, ही दोन्ही कामे एकाच देशात एकाच वर्षी चालली होती. ऑपेरा २०१७ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आला तेव्हा निस्गांची हरकत अखेर ऐकली गेली, आणि त्या जागेकरिता इयन कसन या मेटी संगीतकाराकडून नवे गीत लिहवून घेण्यात आले.

यावर कोणी म्हणेल की, संगीतास धनी नसतो, सूर सर्वांचे. ज्यांनी घराण्यातली चीज गंडाबंध शागिर्दासही वर्षानुवर्षे न देणाऱ्या उस्तादांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांच्या तोंडी तरी हे वाक्य शोभत नाही. आणि तोच वृंद एखाद्या हयात गोऱ्या संगीतकाराची रचना जाहीरपणे गावयाची झाल्यास निमूटपणे परवाना काढतो, पैसे भरतो. तेथे मात्र सुरांना धनी सापडतो!

त्या देशातील निवासी शाळांत सुमारे १,५०,००० मूलनिवासी मुले घातली गेली. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत आणि प्रार्थनागीते त्यांच्याकडून म्हणवून घेत. या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली ९४ मागण्या पुढे ठेविल्या. त्यांत जमीन, भाषा, आरोग्य, न्याय असे खर्चाचे व अडचणीचे विषय फार आहेत. गाणे त्या मानाने स्वस्त पडते.

आमचे वैर वृंदगानाशी नाही. अँड्र्यू बॅल्फर हा क्री संगीतकार बालपणीच घरच्यांपासून तोडला जाऊन गोऱ्या कुटुंबात वाढला, अँग्लिकन चर्चच्या बालवृंदात गायला. त्याने २०२२ च्या 'नगामो' या कार्यक्रमात बर्ड, टॅलिस यांच्या जुन्या इंग्रजी वृंदरचनांवर क्री व ओजिब्वे शब्द चढविले. येथे निवड त्याची, शब्द त्याच्या लोकांचे, आणि गोऱ्या गायकांनी गावयाचे ते त्याच्या सांगण्याप्रमाणे. असल्या कार्यक्रमाचे तिकीट आम्ही आनंदाने काढू.

विद्यार्थ्यास आम्ही एवढेच उलट लिहिले की, यंदा गीत बसविण्यापूर्वी तुमच्या चालकांनी क्विबेकजवळील वेंडाके येथील वेंडाट लोकांस पत्र घालून विचारावे, की हे गीत आम्ही तुमच्या गौरवार्थ गावे असे तुम्हांस वाटते काय, आणि नसल्यास काय गावे. उत्तर लगेच आले. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे, आणि तीत 'मूलनिवासी मित्रांस सादर अर्पण' असेही छापले आहे.