बुरशीचा माग काढायचा, तर वॉर्डातून काढा

रबाळ्याच्या एमआयडीसीलगतच्या वस्त्यांत आम्ही काम करतो. इथला कामगार गंभीर आजारी पडला की त्याचा रस्ता ठरलेला: जवळचा दवाखाना, मग ऐरोली किंवा वाशी, तिथून सायन नाहीतर जे. जे. या प्रवासात त्याच्या अंगावर कोणता जंतू चढला, याची नोंद कोण ठेवतो?

प्रश्न कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचा आहे. २००९ मध्ये जपानमध्ये तिची पहिली नोंद झाली. कॉटची कड, बीपीचा पट्टा, न धुतलेले हात यांवरून ती रुग्णालयात पसरते. फ्लुकोनाझोल हे नेहमीचे औषध तिच्यावर बहुधा चालत नाही. साध्या तपासणीत ती दुसऱ्याच बुरशीच्या नावाने नोंदली जाऊ शकते. रक्तात शिरली तर जीवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिला सर्वाधिक धोक्याच्या चार बुरशींत धरले.

‘हा आयसीयूतला आजार, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?’ असे काही मित्र विचारतात. २०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंचा अभ्यास झाला. कॅन्डिडाचा रक्तसंसर्ग झालेल्या १४०० रुग्णांपैकी ७४ जणांत ही बुरशी निघाली. सरकारी रुग्णालयांत तिची शक्यता खासगीच्या सुमारे दुप्पट होती. सरकारी रुग्णालयात कोण जाते, हे वेगळे सांगायला हवे का? म्हणून सरकारी रुग्णालय टाळायचे नाही, ते सुधारून घ्यायचे.

आणि तिथली फरशी कोण पुसते? कंत्राटी सफाई कामगार, बहुतेक आपल्याच आयाबहिणी. काही जंतुनाशके या बुरशीपुढे अपुरी पडतात. क्लोरीनचे द्रावण योग्य प्रमाणात, पुरेसा वेळ ठेवावे लागते. हे त्यांना कोणी सांगितले? काम जातीने गळ्यात मारले, त्या कामाचे ज्ञान मात्र साहेबांच्या मिटिंगपुरते ठेवले.

मनात आणले तर शासन मोजू शकते. मे २०२१ मध्ये केंद्राच्या सूचनेने म्युकरमायकोसिस साथरोग कायद्याखाली आला आणि प्रत्येक रुग्ण कळवणे बंधनकारक झाले. न्यूयॉर्क राज्याने तर २०१९ मध्ये ऑरिस सापडलेल्या रुग्णालयांची नावेच जाहीर केली.

आमच्या मागण्या तीन. ऑरिसचा प्रत्येक रुग्ण कळवणे सक्तीचे करा. रुग्ण दुसरीकडे पाठवताना ही माहिती त्याच्या कागदावर लिहा. सफाई कामगारांना प्रशिक्षण, हातमोजे आणि संसर्ग नियंत्रण समितीत जागा द्या.

संविधानाच्या कलम ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. मित्रांनो, आपल्या भागातल्या रुग्णालयाला माहिती अधिकारात एवढेच विचारा: ही बुरशी ओळखण्याची सोय तुमच्याकडे आहे का, आणि गेल्या वर्षी ती किती जणांत सापडली?

जयभीम.