वस्तूच्या पाठीवरचा क्रमांक : संग्रहालयातील इंटर्न नेमके काय करतो?

१/
संग्रहालयात इंटर्नशिप मिळाली की इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तलवारी, ताम्रपट आणि मोडी कागदांची दफ्तरे उभी राहतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती प्रत्यक्षात येतात त्या मोजपट्टी, वजनकाटा, मऊ पेन्सिल आणि नोंदवही. अनेकांचा येथेच हिरमोड होतो. तो अनाठायी आहे, कारण इतिहासाचा पुरावा टिकतो तो याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामावर.

२/
प्रेक्षक पाहतो ती दालने. इंटर्नचा दिवस जातो तो भांडारात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा संग्रह २०,००० वस्तूंहून मोठा आहे आणि त्यातील थोड्याच वस्तू एका वेळी मांडता येतात. बहुतेक मोठ्या संग्रहालयांची स्थिती अशीच असते. उरलेल्या वस्तू कपाटांत, खणांत, कापडी वेष्टनांत असतात. त्यांची ओळख सांगणारी एकच गोष्ट असते : नोंद.

३/
नोंदीचा कणा म्हणजे दाखल क्रमांक. समजा तो २०२४.१५.३ असा आहे. पहिला आकडा वस्तू संग्रहालयात आली ते वर्ष सांगतो, दुसरा त्या वर्षातील कितवी आवक ते, आणि तिसरा त्या आवकेतील कितवी वस्तू ते. धातूवर किंवा दगडावर तो पारदर्शक लेपाच्या थरावर लिहितात, म्हणजे गरज पडल्यास पुसता येतो. कागदावर मऊ पेन्सिलीने लिहितात. वस्त्राला क्रमांकाची फीत हलक्या टाक्यांनी शिवतात.

४/
मग हाताळणी. घामातील क्षार धातूला खातात, म्हणून धातूसाठी हातमोजे हवेत. जुन्या कागदाला मात्र स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण मोज्यांमुळे स्पर्श बोथट होतो आणि पान फाटते. भांडे कानाला धरून उचलायचे नाही. जोड आधी तिथेच निखळतो. पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेच्या नोंदी रोज घ्यायच्या, कारण बुरशी आणि कसर सुट्टी घेत नाहीत. हे सारे पुस्तकात एका पानात मावते. हाताला वळण लागायला काही महिने जातात.

५/
खरी परीक्षा पुढे असते. खणातून तांब्याचे नाणे निघते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. विद्यार्थ्याचा हात ‘शिवकालीन नाणे’ असे लिहायला शिवशिवतो. पण हीच अक्षरे असलेली शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ, पेशवाईतही, पाडली जात होती. अक्षरांची घडण, वजन, दुदांडी शिवराईवर दिसणारी आडवी दुहेरी रेघ, हे सारे तपासल्याशिवाय काळ ठरवता येत नाही. अशा वेळी नोंदीत ‘काळ अनिश्चित’ लिहिणे हेच प्रामाणिकपणाचे.

६/
तलवारीचेही तसेच. मूठ अस्सल देशी आणि पाते युरोपातून आलेले, अशा तलवारी दख्खनमध्ये मोठ्या संख्येने होत्या. ‘फिरंग’ हे नाव त्यातूनच आले. नोंदीत नुसते ‘मराठा तलवार’ लिहिले, तर सागरी व्यापाराचा एक अख्खा धागा तिथेच तुटतो. मूठ आणि पाते यांचे वर्णन वेगवेगळे लिहिले, तर तो पुढच्या संशोधकाच्या हाती लागतो.

७/
निष्काळजी नोंदीची किंमत काय, हे २०२४ साली महाराष्ट्राने पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलैत साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. ती शिवछत्रपतींचीच का, यावर मोठा वाद झाला. त्या ओळखीचा मुख्य आधार म्हणजे वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर : ही वाघनखे ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना त्याला भेट मिळाली. ती अफजलखानाच्या वधासमयीचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयही सांगते.

८/
१६५९ मधील प्रसंग आणि १८१८ नंतर साताऱ्यास आलेला रेसिडेंट, यांमध्ये दीडशेहून अधिक वर्षे आहेत. त्या काळात वस्तू कोणाकडे होती, कोणी जपली, कोणत्या यादीत तिचा उल्लेख होता, याची सलग साखळी हाती असती, तर वादाला जागाच राहिली नसती. श्रद्धा कितीही खोल असो, ती ही साखळी मागाहून घडवू शकत नाही.

९/
नोंद नसेल तर वस्तू सुरक्षितही राहत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील चोरीचे प्रकरण उघड झाले. सुमारे २,००० वस्तू चोरीस गेल्या, गहाळ झाल्या किंवा खराब झाल्याचे पुढे आले. त्यांत भांडारातील कोरीव रत्ने आणि दागिने होते, आणि पुष्कळांची पुरेशी नोंदच नव्हती. ज्या वस्तूचे छायाचित्र नाही, वर्णन नाही, ती आपली होती हे सिद्ध तरी कसे करणार? त्यानंतर त्या संग्रहालयाने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची डिजिटल नोंद पूर्ण करण्याचे जाहीर केले.

१०/
आता मुद्द्याचे. इतके जबाबदारीचे काम अनेक ठिकाणी विनामोबदला इंटर्नकडून करून घेतले जाते. ‘अनुभव मिळतो ना,’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. परंतु जो विद्यार्थी गावाहून येऊन खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे भरतो, त्याला अनुभवावर जगता येत नाही. परिणामी शहरात स्वतःचे घर असलेलेच टिकतात. अमेरिकेतील कला-संग्रहालय संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्येच इंटर्नना वेतन द्यावे असा ठराव केला.

११/
संग्रहालयांकडे पैसा नसतो, हा आक्षेप खोटा नाही. तरीही विनावेतन काम शेवटी स्वस्त पडत नाही. दर दोन महिन्यांनी नवा विद्यार्थी येतो, नव्याने शिकतो आणि हात बसेपर्यंत निघून जातो. नोंदींची भाषा बदलते, मोजण्याची पद्धत बदलते, चुका साचतात. त्या निस्तरायला पुढे जाणकार माणूस लागतोच, आणि त्याला वेतन द्यावेच लागते. नाव ओळखणारा, मोडी वाचणारा, आपल्या गावच्या भांड्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारा विद्यार्थी दाराबाहेर राहिला, तर नोंदवहीत ‘पितळी भांडे’ एवढेच उरते.

१२/
नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले, हे चांगलेच झाले. आता आणखी तीन गोष्टी व्हाव्यात : निदान राहण्या-जेवणापुरते विद्यावेतन, प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख, आणि तपासणाऱ्या अभिरक्षकाची सही. नाव असले की श्रेय मिळते आणि उत्तरदायित्वही येते.

१३/
पुढच्या वेळी संग्रहालयात गेल्यावर वस्तूच्या कडेला किंवा फलकाच्या कोपऱ्यात तो बारीक क्रमांक शोधावा. शंका असेल तर तो टिपून घ्यावा आणि ‘ही वस्तू कोणाकडून, कधी आली?’ असे कार्यालयात विचारावे. ज्या संग्रहालयाला या प्रश्नाचे उत्तर देता येते, तेथे कोणीतरी आपले काम चोख केले आहे असे खुशाल समजावे.