वशिंडाचा जुना हिशेब

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना तुमचा हात वशिंडावरूनही फिरतो. त्या वशिंडाची कुळकथा आता जुन्या हाडांतून वाचता येते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांपाशी गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची हाडे निघाली. तेव्हा आकारावरून जनावर ओळखत. आता हाडातला डीएनए, म्हणजे आईबापाकडून वासरात उतरणारा वंशाचा अंश, तपासतात. कानाजवळच्या घट्ट हाडात तो जास्त टिकतो. आपल्या उष्ण हवेत मात्र लवकर नासतो.

२०१९ साली पश्चिम आशियातील जुन्या गुरांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. तिकडची गुरे मूळची बिनवशिंडाची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी त्यांच्यात सिंधू खोऱ्याकडील वशिंडवाल्या गुरांचे रक्त शिरले. पण फक्त आईकडून येणारा अंश बहुतेक तिकडचाच राहिला. म्हणजे काम केले ते मुख्यतः वळूंनी! काळ मोठ्या अवर्षणाचा. ऊन-तहान सोसणारे जनावर लोकांनी मुद्दाम निवडले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

आणि आपण? हिवरखेडकडे गाय माजावर आली की मोकाट फिरणारा कोणताही सांड चालतो. मला हे पटत नाही. गाय भरवताना वळू कोणत्या जातीचा, हे विचारा. कृत्रिम रेतन केले तर वळूचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. त्या गाईची कालवड माजावर येईल, तेव्हा वही उघडा. बापाचेच रेत लेकीला देऊ नका.