वंशाचा अभिमान, कार्याचें विस्मरण

पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, मडगांवच्या घराण्यांतले; एवढ्यावरच आमच्यांतील कित्येकांस धन्यता वाटते! या वंशकौतुकाचा आम्हांस वीट आला आहे. या गृहस्थांनीं २००७ सालीं गृहमंत्रिपद सोडून कर्जांत बुडालेल्या लिस्बनचें नगराध्यक्षपद पत्करिलें. अंदाजपत्रकांतील कांहीं रकमेचा विनियोग नागरिकांच्या मतांवर सोंपविला. २०११ सालीं आपली कचेरी दुर्लौकिक पावलेल्या इंतेंदेंत चौकांत नेली. पंतप्रधानपद आलें तें त्यानंतर, २०१५ सालीं. मंत्रिपदाहून नगरसेवा हलकी नव्हे, हाच त्या चरित्रांतील घेण्याजोगा धडा. तो सोडून वंशावळी चाळणारांस आम्ही पुसतों: ज्या अभिमानानें आपल्या गांवचें एक गटारही साफ होत नाहीं, तो काय कामाचा?