टेप गुंडाळली म्हणजे जॉइंट झाला असं नाही

आज पिकाचं काही नाही, वायरीचं आहे. पण माल बाजारात पोचणार की रस्त्यात अडकणार हे कधी कधी त्या वायरीवरच ठरतं, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात कोथिंबीर-मेथी भरून पिकअप मुंबईला घेऊन निघालो. आळेफाटा, माळशेज, कल्याण करत पहाटे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आलो, तर मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून ओरडला, "दादा, तुमच्या मागं पूर्ण अंधार आहे!" टेललाइट नाही, ब्रेकलाइट नाही. माळशेजच्या धुक्यात घाटसुद्धा तसाच उतरलो की काय, कोण जाणे. अंगावर काटा आला.

माल उतरवून एलबीएस रोडनं घाटकोपरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. तो म्हणाला, दोन्ही लाइट एकदम गेले म्हणजे आधी अर्थ बघायची. जॉइंट उघडला. वरच्या काळ्या टेपचा डिंक उन्हानं वितळून चिकट झालेला, आत तांबं हिरवं. चार बोटं मागं कापलं तरी वायर काळीच. वातीत तेल चढतं तसं पाणी तारांमधून आत चढतं, जॉइंटवर थांबत नाही. "हे कोणी केलं?" म्हणाला. मी म्हणालो, गावातल्या मिस्त्रीनं. खरं तर मीच केलं होतं.

त्यानं लग दाबून जोड केला आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब चढवली. उपनगरात पावसाळ्यात गाडी पाण्यातून जाणारच, असं गृहीत धरून तो काम करतो. बरोबरच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमच्या आळेफाटा पट्ट्यात वर्षाचाही एवढा होत नाही. पण आपली ट्रॉली तरी कुठं कोरडी असते? ओढा, चिखल, शेणखत, धुताना पाण्याचा फवारा. आणि खताचं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा तांबं लवकर खातं.

ही ट्यूब म्हणजे काय, तर किरणांचा मारा करून पक्कं केलेलं प्लास्टिक. मग ते गरम करून फुगवतात आणि तसंच थंड करतात. परत गरम केलं की मूळ मापावर आवळतं. (लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र सुरू झालं. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथं गॅमा किरण देतात. इथं बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनचा झोत असतो, पण भाऊबंदच. दोन्हीत वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, घाबरू नका.)

दुकानात नुसती "स्लीव्ह द्या" म्हणालात तर साधी पातळ मिळते. ती झाकते, पण पाणी अडवत नाही. आतून गोंदवाली मागा, आवळ तीनास एक. म्हणजे ९ मिमीची ३ पर्यंत येते, जाड लगवरून जाते आणि बारीक वायरीवरही बसते. एका जॉइंटचा तुकडा कटिंग चहापेक्षा महाग नाही.

करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ट्यूब जोडायच्या आधी वायरीत सरकवा. हे मी अजूनही विसरतो आणि परत सगळं तोडतो. दोन्हीकडं बोटभर वायर झाकली जाईल इतकी लांब कापा, कारण लांबीलाही थोडी आकसते. मधून सुरू करून टोकांकडं गरम करत न्या, टोकातून गोंद बाहेर दिसला की झालं. लायटरनं काळी पडते, एका बाजूला जळते. हीट गन घ्या, गावात दोघा-तिघांत एक पुरते. डिझेल टाकीजवळ मात्र दोन्ही नको.

काही जण म्हणतील, डाग देऊन घ्या, पक्कं होतं. घरातल्या रेडिओला ठीक. हादरणाऱ्या ट्रॉलीत डागाच्या कडेला वायर कडक होते आणि तिथंच तुटते. माझं मत दाबलेल्या लगच्या बाजूनं. आणि ट्यूब म्हणजे चिलखत नव्हे. चासीच्या भोकातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट आणि फ्लेक्सिबल पाइप लागतोच, फ्यूजही लागतोच.

आता खरा राग. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर बघा, किती ट्रॉल्यांचे मागचे दिवे लागतात? रेडियम लावतो, लाल कापड बांधतो, चांगलंच आहे. पण रेडियम मागच्या गाडीचा उजेड पडल्यावरच चमकतं, आणि तुम्ही ब्रेक दाबला हे ते सांगत नाही. मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा आपल्याच गावचा असतो. टेप हातात असते म्हणून वापरतो, घरी पोचण्यापुरती ठीक आहे. आपण तीच तीन हंगाम चालवतो.

कृषी अधिकारी आणि कृषी विज्ञान केंद्रातले मित्रही इथं वाचतात, त्यांना विनंती. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणात ऑइल, फिल्टर, हवा सगळं सांगता. त्यात एक तास वायरीला द्या. लग दाबायची पक्कड प्रत्येकाच्या हातात एकदा तरी जाऊ द्या.

माझ्या ट्रॉलीचे सातही जॉइंट झाले. पिकअपचा डाव्या इंडिकेटरचा एक टेपवालाच राहिलाय, तो रविवारी काढतो. फोटो टाकतो.