काळ्या कोटाची रजा

मुंबईच्या थंडीला थंडी म्हणावे की नाही, यावरून नाशिक-नागपूरकडची मंडळी आपली थट्टाच करतात. पण ती येते खरी, आणि वकीलवर्गाला तिचा मोठा दिलासा असतो. काळा कोट या शहराच्या हवेसाठी शिवलेलाच नाही. डिसेंबर-जानेवारीत तेवढा तो अंगावर सुसह्य होतो. याच दिवसांत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी वाढते, घाटकोपरला दुकानादुकानांत उंधियू दिसू लागतो आणि घरोघरी बाजरीच्या भाकरीवर लोणी येते. या सुखात एक तरुण वर्ग मात्र कुठेच दिसत नाही. तो सकाळी आठच्या लोकलला लोंबकळत असतो आणि रात्री दहानंतर घरी येऊन गार पोळी खातो. तो म्हणजे ज्युनिअर वकील.

आपल्या उपनगरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी आता जवळपास प्रत्येक सोसायटीत आहे. सकाळी फोर्टात पोचायचे, बोर्ड पाहायचा, कोर्टाकोर्टांत धावून तारखा घ्यायच्या, संध्याकाळी सीनियरच्या चेंबरमध्ये अशिलांच्या बैठकीला बसायचे आणि मग उद्याचे मसुदे दुरुस्त करायचे. नाताळात उच्च न्यायालयाला सुट्टी लागते, पण चेंबरला लागेलच असे नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट हुतात्मा चौकापर्यंत जाऊ लागली. अंधेरी-घाटकोपरच्या मुलांना मरोळ नाक्याला गाडी बदलून कोर्टाच्या दारात उतरता येते. प्रवास सोपा झाला, दिवस मात्र तेवढाच लांब राहिला. मेट्रो लवकर पोचवते, पण सीनियर लवकर सोडत नाहीत.

मी आयुष्याची बत्तीस वर्षे बँकेत काढली. आमच्याकडे प्रोबेशनवरच्या नवख्या ऑफिसरलाही पहिल्या महिन्याच्या अखेरीस पगार मिळे आणि त्याच्या नावावर रजा जमा होई. बँकेतल्या रजेचा एक नियम तर सर्वांनी समजून घ्यावा असा आहे. जोखमीच्या जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यामागे आरोग्याचा विचार नाही. टेबलावर दुसरा माणूस बसला की काही गैरव्यवहार झाला असल्यास उघडकीस यावा, हा हेतू. पण त्यातून मी एक धडा घेतला. जे काम एका माणसावाचून दहा दिवसही चालत नाही, ते काम मुळात नीट लावलेलेच नसते.

हाच हिशेब चेंबरला लावून पाहा. ज्युनिअरला दोन दिवस ताप आला की जिथे सारे अडते, ते चेंबर कष्टाळू नव्हे, अव्यवस्थित आहे. रात्री साडेअकराला पेंगत तयार केलेल्या कागदांत अपिलाची मुदत चुकली, तर त्याची किंमत अशील मोजतो. कदाचित मुलुंडच्या चाळीतली आपली खोली वाचवायला धडपडणारा एखादा म्हातारा.

यावर ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले असते: 'आम्हीही असेच शिकलो.' खरे आहे. इंग्लंडहून १८९१ साली परतलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी मुंबईत वकिली करू पाहत होते, तेव्हा गिरगावातून उच्च न्यायालयात ४५ मिनिटे पायी जात आणि पायीच परतत. त्यामुळे पैसे वाचले आणि आजारपणही आले नाही, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पण पोटापुरते काम काही मिळेना, आणि सुमारे सहा महिन्यांत त्यांनी मुंबई सोडून राजकोट गाठले. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली वकिली सुरू केली. पुढे १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांना व्यापारी कायदा शिकवण्याचे अर्धवेळ काम धरावे लागले. एवढ्या मोठ्या माणसांची ही तऱ्हा, तर सर्वसाधारण घरातल्या मुलांनी काय करावे? ज्यांच्या बापाचा फ्लॅट आणि पेन्शन आहे ती पहिली पाच वर्षे तग धरतात, बाकीची कंपनीत नोकरी धरतात किंवा स्पर्धा परीक्षांना बसतात. मग कोर्टात उरतात ती बहुतेक सुस्थितीतल्या घरांतली मुले. हे नुकसान केवळ त्या मुलांचे नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ही शिफारस आहे, सक्ती नाही. वीस हजारांत मुंबईत संसार होत नाही, पण रेल्वेचा पास, डबा, पुस्तके आणि आजारात डॉक्टर एवढे तरी घरी हात न पसरता भागते. तब्येत आणि पैसा ही दोन वेगळी खाती आहेत, असे मला वाटत नाही. विद्यावेतन उपकार म्हणून मिळते, तेव्हा रजाही उपकार म्हणूनच मागावी लागते. ती मागायला संकोच वाटतो आणि खोकला अंगावर काढला जातो. तोही मुंबईच्या हिवाळ्यात. वारा मंदावतो, धूळ-धूर खालीच साचून राहतो. इतका, की ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून या हवेची दखल घेतली होती.

म्हणून ज्येष्ठ वकिलांना विनंती, की विद्यावेतनाची रक्कम आणि तारीख ठरवून टाकावी. आठवड्यातला रविवार आणि एक संध्याकाळ ज्युनिअरची म्हणून सोडावी, आजारपणात त्याची फाईल कोण पाहील हे आधीच सांगून ठेवावे. घरच्यांनी 'कमवायला कधी लागणार?' हा प्रश्न रात्रीच्या ताटावर तरी वाढू नये. आणि मुलांनो, कोर्टाशेजारीच ओव्हल मैदान आहे. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटे उन्हात चाललात, तर कोणाचीही तारीख बुडत नाही. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर सीनियरच्या आधी डॉक्टरांना गाठा.

न्याय मागायला आलेल्या माणसाचे कागद ज्याच्या हातात आहेत, त्याची झोप झालेली असावी आणि तो वेळेवर जेवलेला असावा, एवढी अपेक्षा काही अवाजवी नाही.