प्रत्येक कूपनलिकेची स्वतंत्र तपासणी हवी

पिकावर कीड पडली, तर पानावर तिच्या खुणा दिसतात. पाण्यातील आर्सेनिकला मात्र रंग, वास वा चव नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली रुग्णांच्या त्वचेवरील डागांवरून या विषबाधेचे निदान झाले, तोवर ती कुटुंबे वर्षानुवर्षे तेच पाणी पीत होती. पुढे बिहार व उत्तर प्रदेशातील गंगाकाठीही हाच प्रश्न समोर आला.

अशा प्रदेशात एका नमुन्यावरून साऱ्या गावाचा निष्कर्ष काढणे घातक ठरते. गाळाचे थर व खोली यांनुसार शेजारच्या दोन कूपनलिकांतही मोठी तफावत असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. ती ओलांडली गेली का, हे त्या-त्या कूपनलिकेच्या तपासणीनेच कळते. तपासणी संचाने जागेवरच प्राथमिक अंदाज मिळतो. संशयास्पद नमुन्यांची खातरजमा प्रयोगशाळेत व्हावी. पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही, हेही विस्तार कार्यकर्त्यांनी घरोघरी सांगावे.

तपासणी पिण्याच्या पाण्यापुरती ठेवणेही अपुरे आहे. बोरो हंगामातील भाताला हेच भूजल दिले जाते आणि साचलेल्या पाण्यातील भात आर्सेनिक अधिक शोषून घेतो. म्हणून सिंचनाच्या कूपनलिकाही यादीत हव्यात.

दूषित हातपंपाला लाल रंग फासला, म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. जवळचे सुरक्षित पाणी कोठे मिळेल, हे त्याच दिवशी दाखविले, तरच ती तपासणी त्या घराच्या कामी येते.